मीर आज पाच अठ्ठेचाळीसला

मुक्ता,

शाळेतून आलीस की दूध पी आणि गच्चीवर जा. रशियाचं मीर अंतराळ स्टेशन आज पाच अठ्ठेचाळीसला भैरवगढच्या बाजूनं आकाशात वर येईल आणि दहा मिनिटांत नानाखेड्याकडे उतरेल. रेडिओ स्कॅनर मी तिथे लावून ठेवला आहे. खरखर आली तरी बटण फिरवू नकोस, त्या खरखरीतूनच मीरवरचे अंतराळवीर बोलतात.

मी अमोलकाकाबरोबर देवास गेटला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो आहे. त्यांनी नेमका हाच टाइम दिला. तुला सांगायचं राहून गेलं बेटा, गेले दोन महिने मला स्कॅनरवरचं काहीच ऐकू येत नाही. परवा तू "आजोबा, ते हसले!" म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघून हसलो होतो. शिकवणाऱ्यानं असं करू नये.

आज वहीत सगळं लिहून ठेव. रशियन कळत नाही म्हणून सोडू नकोस, कानाला लागेल तसं लिही. नुसती खरखर आली तर खरखर लिही. आणि कुणी हसलं, तर मी आल्यावर माझ्या उजव्या कानाशी येऊन तसंच हसून दाखव.

आजोबा