नाशिकची दोन वर्षं

आये, सगळ्यात आधी आली ती शेजारची. अंगणातूनच ओरडली, "म्हातारे, ऊठ गो, तुझ्या नातीला स्थळ आलंय!" मी तांदूळ निवडत होते, सूप तसंच खाली ठेवलं. ती सांगायला लागली, फाट्यावरच्या चहावाल्याकडं दोन माणसं नातीचं नाव घेऊन घर विचारतायत, एक बाप्या नि एक बाई, पायात बूट, गाडी देवळाच्या सावलीत लावलीय. आता तूच सांग, आपल्याकडं लगीन जमवायचं तर आधी कोण येतं? नवरा मुलगा येत नाही, त्याचा बाप येत नाही. लांबची दोन माणसं येतात, पाणी मागतात, पीकपाण्याचं बोलतात आणि हळूच मुलीचं काढून घेतात. शहापूरकडून मुरबाडला माझ्यासाठी माणसं आली तेव्हा ती तरी कुठं तोंडानं म्हणाली होती, मुलगी बघायला आलोत म्हणून? तेव्हा ही दोघं दारात येऊन "आजी, नातीबद्दल थोडी चौकशी करायची होती" म्हणाली, तर मी कोण, कुठले असं काहीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, मला सगळं कळलंय.

ही नात तू गेल्यावरची, तू पाहिली नाहीस. पाहिली असतीस तर तिची अलाबला काढता काढता तुझी बोटं दुखली असती. ज्यांची किडनी गेली त्यांचं रक्त मशीनमधून साफ करतात, डायलिसिस म्हणतात, त्याचा कोर्स तिनं केलाय. आपल्यात असलं काही शिकलेली ती पहिलीच. आता कल्याणकडं एका दवाखान्यात लागलीय, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. पांढरा कोट घातलेला फोटो तिनं पाठवला, तो मी दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना दाखवून झालाय. सून म्हणते, "आई, तो फोटो आता झिजेल." मोबाईलमधला फोटो झिजतो होय गो?

तर मी त्या दोघांना खाटेवर बसवलं, चहा ठेवला, तांदळाचे पापड भाजले आणि लागले बोलायला. तुला ठाऊक आहे, चौकशीला आलेल्या माणसांपुढं आपण पोरीचं कसं बोलतो. पोरगी घरची, वळणाची, बाहेर हुंदडणारी नाही. म्हटलं, "दोन वर्षं पोरीनं उंबरा सोडला नाय. मी न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, तिचा कोर्स नुकताच संपलेला. सून कंपनीत जाते, मुलगा धरणावर. माझं कोण करणार? हिनं केलं. हगणंमुतणं काढलं, कुशीवर वळवलं, न्हाऊ घातलं. एवढं अंथरुणावर होते, पण पाठीला चट्टा पडू दिला नाय." आणि आये, लाज काय सांगू, मी लुगडं सरकवून ऑपरेशनचा व्रणसुद्धा दाखवला. तो बाप्या बिचारा पापडाकडं बघत बसला. बाई मोबाईलवर काहीतरी टिपत होती. मला वाटलं, चांगलं चांगलं लिहून घेतेय.

मग बाप्या म्हणाला, "आजी, म्हणजे दोन्ही वर्षं ती घरीच होती? मग नाशिकला कधी होती?"

मला रागच आला. म्हटलं, कुणीतरी पोरीचं वाईट पेरलंय. "नाशिक? कोण मेला सांगतो? देवाच्या पायावर हात ठेवून सांगते, ती कुठं गेली नाय!" शेजारची तर माझ्याही पुढं. "हिची नात नि नाशिक? कसाऱ्याचा घाट चढली नाय ती पोर! मी साक्षीला आहे, लिवा माझं नाव."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईनं कप खाली ठेवला. म्हणाली, "आजी, आम्ही दवाखान्याच्या ऑफिसकडून आलोय. नवीन लागलेल्यांची चौकशी करतात, त्या कामासाठी. खरं तर पत्ता बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं. पण तिनं अर्जात लिहिलंय, ही दोन वर्षं ती नाशिकच्या दवाखान्यात मशीनवर कामाला होती."

 त्यांना पत्ता हवा होता आणि मी त्यांना सगळी पोर काढून दाखवली होती.  बाई मनानं चांगली असावी. माझा चेहरा बघून म्हणाली, "वय झालं की वर्षं मागंपुढं होतात, आजी. घरात आणखी कोण असतं?" मी कसंबसं म्हटलं, मुलगा भातसानगरला धरणावर असतो, गुरुवारी त्याची सुट्टी. "मग आम्ही तेव्हा येतो. तोवर तुम्हीही नीट आठवून ठेवा." पापड तसेच राहिले. ती दोघं वळली तशी शेजारची पदर झटकत उठली. "गुरुवारी मी भावाकडं जायचीय गो. माझं नाव लिवलंन असेल तर खोडायला सांग."

 तेव्हापासून दारात गाडी वाजली की मी आत जाते. आणि या सगळ्यात तू आठवलीस, आये. माझ्यासाठी ती माणसं आली होती तेव्हा मी दाराआड उभी होते. त्यांच्या घरी म्हशी होत्या, त्यांना म्हशीचं करणारी सून हवी होती. तू डोळा न लववता म्हणालीस, "म्हशीचं तर सगळं हीच बघते." आपल्याकडं एक शेळी, तीही आंधळी! मला हसू फुटायला लागलं, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती गेल्यावर विचारलं तर तू म्हणालीस, "एवढं सगळेच बोलतात गो. तिकडं गेलीस की येईल." मी तुला बोल लावत नाही. माझ्यामागं तुला आणखी पोरी उजवायच्या होत्या, आणि खरं बोलणाऱ्या आईच्या पोरी कोण नेणार होतं?

पण तिकडं काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. पहाटेची वेळ आहे. सासूबाई माझ्या हातात दुधाची कासंडी देतात आणि चुलीकडं वळतात. दाखवत नाहीत, कारण मला येतं. मी म्हशीखाली बसते. आधी रेडकू सोडायचं, ती पान्हवली की मग धार काढायची, एवढंसुद्धा मला माहीत नाही. मी ओढते, ती लाथ मारते, थोडं दूध येतं, बाकीचं तिच्या कासेत तसंच राहतं. सासूबाई चार हातांवर आहेत. नुसतं म्हणायचं होतं, आत्याबाई, मला येत नाही. पण कसं म्हणू? म्हटलं की तू खोटी पडतेस, आणि मी फसवून आलेली. रोज पहाटे कासंडी घेताना हेच. आणि एक दिवस म्हशीची कास सुजली, दगडासारखी. एक सड कायमचा गेला. सासूबाईंनी माझा हात धरला, बोटं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "येत नाय तर सांगायचं ना गो! मी काय खाणार होते तुला? शेजारी बसून शिकवलं असतं." मग शेजारी बसल्या, माझ्या हातावर आपला हात ठेवला. पण म्हशीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती दोघं गेली त्याच संध्याकाळी मी नातीला फोन लावला. माणसं येऊन गेली म्हणून सांगितलं.  ती म्हणाली, "तू काय सांगितलंस त्यांना?"

"जे होतं ते."

"आजी गो!" ती चिडली. "दोन वर्षं घरी होते असं लिहिलं ना, तर ते पुढचं वाचतच नाय. बोलवतच नाय. सगळे लिहितात. माझ्या रूमवरच्या पोरीनं तर तीन लिवलीत. आणि मी काय घरी झोपून होते का? झोपलेली तर तू होतीस."

ती हसली, मीही हसले. खरंच की. माझ्यामागं तिची ती दोन वर्षं गेली, आणि त्यांना कुठल्या कागदावर जागा नाही. तिनं एकदाही मला तसं बोलून दाखवलं नाही. मला वाटलं, लिहिलं तर लिहिलं, कुणाचं काय बिघडलं? आणि तेवढ्यात मी विचारून बसले, "तिथं तुझ्या बाजूला कोण असतं गो?"

"कोण नाय. नवीन पोरींच्या बाजूला मोठी सिस्टर उभी करतात. मला कशाला? मला अनुभव आहे ना!" तिला ते गमतीचंच वाटत होतं. "परवा तर काय झालं, मशीन एकदम बोंबलायला लागली. कोर्स होऊन दोन वर्षं झाली, मला काय कळेना. तर पेशंट आजोबाच म्हणाले, ताई, माझा हात सरकव, खाली नळी दुमडलीय. ते कधीपासून येतात ना, त्यांना सगळं ठाऊक."

माझं हसू तिथंच आटलं. "मोठीला हाक मारायची ना."

"काय विचारू तिला? दोन वर्षं मशीन चालवलेली पोर हे विचारते? लगेच कळलं असतं."

आये, खोटं बोलल्याचं पाप लागतं की नाही ते देवाला ठाऊक, मला त्यातलं कळत नाही. तू बोललीस, मीही त्या दोघांपुढं चार गोष्टी वाढवूनच सांगितल्या असत्या. पण हे खोटं असं आहे की ते पोरीच्या शेजारचं माणूस काढून घेतं. म्हशीचा एक सड गेला. तिथं मशीनला माणूस लावलेला आहे. ते आजोबा जागे होते म्हणून बरं. त्यांना डुलकी लागली असती तर?

मी तिला म्हटलं, "उद्या जा नि मोठीला सांग. येत नाय म्हण. शिकवा म्हण."

"काढतील आजी मला."

"काढू देत."

"तुला काय जातंय म्हणायला!" आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता, मधेच नाक ओढत. "थोडे दिवस दे गो मला. हात बसला की मी स्वतःच सांगेन. तू फक्त नाशिक म्हण. म्हातारं माणूस, चुकून बोलले म्हण. म्हणशील ना?"

मी हो म्हणाले.

तिच्या रडण्यापुढं दुसरं काही सुचलंच नाही. मुलाला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं तर तो लेकीकडून बोलेल, आणि मग मला बोलायला जागा उरणार नाही. हे कागद तुला पोचायचे नाहीत, आणि घरात कुणी वाचावेत असंही मला वाटत नाही. पण एक तुला सांगून ठेवते. मी तिला हो म्हणाले खरी, पण म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं ती नव्हती, ते आजोबा होते. आता एकीकडं तरी मी खोटी पडणारच. नातीकडं की त्या बाईकडं, ते मलाच ठाऊक नाही, आणि याचीच भीती वाटते. आज मंगळवार. ती दोघं गुरुवारी येतो म्हणालीत.