दोर न कापलेली गोष्ट

३ डिसेंबर १९९७, तिसगाव
पोचले एकदाची! नगरहून एसटीत सगळा वेळ टेपरेकॉर्डर मांडीवर, पिशवीत बारा कोऱ्या कॅसेट. माझी पहिली नोकरी. मुंबईच्या प्रवीणसरांच्या रविवारच्या जादूच्या मालिकेसाठी गावाकडच्या जुन्या गोष्टी गोळा करायच्या आणि लिहूनही काढायच्या. कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मला परीकथांचं वेड आहे. मुळात त्यांत टाचा कापतात, पोरं शिजवून खातात. टीव्हीवर येईपर्यंत सगळे नाचायला लागतात. ते कसं होतं, हे मला आतून बघायचंय.

खोली मनकर्णाबाईंकडे मिळाली. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, घरात त्या आणि सात वर्षांची नात आरती. मागच्या दाराशी आड. निघताना पप्पा म्हणाले होते, आपल्या घरात देव नाहीत, त्यामुळे भुतंपण नाहीत, बिनधास्त राहा. मनकर्णाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरं हाय बाई, जाताना आमची बी घेऊन जा.

५ डिसेंबर
पहिलं रेकॉर्डिंग. गोष्ट याच आडाची. किती खणलं तरी पाणी लागेना, म्हणून बापानं लेकीला दोरानं खाली सोडलं. ती तळाला टेकली आणि पाणी आलं. ती 'वर घ्या' म्हणत राहिली. वर घेतली असती तर पाणीही गेलं असतं. बापानं दोर कापला. संपली.

अंगावर काटा आला. मला अशीच हवी होती.

मधेच आरती प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायला लागली. रेकॉर्डिंग क्लीन पाहिजे, म्हणून मी तिला गप्प केलं. मनकर्णाबाई थांबल्याच. हुंकार द्यायला माणूस नसेल तर गोष्ट सांगत नाहीत म्हणे, मग भलतंच कुणीतरी हुंकार देतं. मी खूप विनवलं. सांगितली शेवटी, पण मनाविरुद्ध.

६ डिसेंबर
टेप ऐकली. प्रत्येक वाक्यानंतर 'हं' आहे. लहान मुलीचा आवाज. आरतीवर चिडले, आणि मग आठवलं. ती पूर्ण वेळ माझ्यासमोर तोंडावर हात दाबून बसली होती.

दोर कापल्यानंतर टेपवर काहीच नाही.

मनकर्णाबाईंना नवल वाटलं नाही. ती खाली ऐकत असतेच, दोर कापला की गप होते, म्हणाल्या. फक्त शेवट बदलायचा नाही.

२२ डिसेंबर
एसटीडी बूथवर पाऊण तास. स्क्रिप्ट पाचव्यांदा परत. दोर कापणं चालणार नाही, जाहिराती बिस्किटवाल्यांच्या आहेत. मुलगी वर आली पाहिजे, सोनेरी फ्रॉकमध्ये, मागे कारंजं, गावकऱ्यांचा नाच. मनकर्णाबाईंचं बोलणं आठवलं. पण इतकी दमले होते की लिहून टाकलं.

आरतीला वाचून दाखवलं. खूश झाली. मग विचारलं, "मग खाली कोन ऱ्हायलं, ताई?"

कुणीच नाही, म्हटलं, टीव्ही आहे तो.

"पान्याला कुनीतरी लागंल ना."

५ जानेवारी १९९८
आडातलं पाणी खूप खाली गेलंय. मनकर्णाबाईंनी मागच्या दाराला कुलूप लावलंय. माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी थापताना आरतीच्या फ्रॉकला स्वतःच्या पदराची गाठ मारून ठेवतात.

दुपारी जेवताना कुणी काही बोलत नव्हतं. आरती 'हं' म्हणाली. थोड्या वेळानं परत.

१९ जानेवारी
सरांना फोन केला, एपिसोड थांबवा म्हटलं. शूटिंग झालंय, एक तारखेला लागणार, तू जरा आराम कर, म्हणाले. आराम कसला. डोळा लागत नाही, हातपाय उचलवत नाहीत. आरती सांगते, खालची रोज हातभर वर येते. तिचे पाय धरून बघितले. गुडघ्यापर्यंत गार.

२८ जानेवारी
कमरेपर्यंत गार.

मनकर्णाबाई आज बोलल्या. त्यांनी चारदा खरी गोष्ट सांगून बघितली, उपयोग नाही. "जयमाला, शेवट तू फिरवला. आता तूच सांग." रविवारी टीव्हीवर लागायच्या आत, आरतीच्या हुंकारावर, दोर कापेपर्यंत. नाहीतर आरती खाली जाणार. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३१ जानेवारी
तीन दिवस सांगतेय. आरती डोळे उघडत नाही. हुंकार नाही. पुन्हा पहिल्यापासून. घसा बसला —

१ फेब्रुवारी, सकाळ
आरती उठली. अंग कोमट. चहा मागितला. मनकर्णाबाई रडल्या, मग शेजारी झुंबरबाईंकडे टीव्ही बंद करायला सांगायला पळाल्या.

सांगायला बसले. प्रत्येक वाक्याला हुंकार, एकही चुकत नाही. आता शेवटचं वाक्य —

थांबले. मागच्या दारापलीकडून, आडातून —

"ताई, मला वर घ्या."

आरतीचा आवाज. थकलेला. तिचाच.

मग ही —

बोलत नाहीये. लिहितेय. तोंड उघडलं तर ते वाक्य निघेल, आणि आरती कायमची —

शेजारी टाळ्या. लागला एपिसोड.

समोरची बघतेय. आरतीचा फ्रॉक. आरतीची वेणी. पापणी लवत नाही.

"दोर कापा ना, ताई. संपवा."

खालून पुन्हा हाक. बारीक.

नाही म्हणायचंय. हात ऐकत नाही — पेन आपोआप — बापानं दो