कुंपणाकाठच्या खुणा

कमला,

डिझल आणाले मुलचेऱ्याले चाललो. तारेच्या दोन्ही बाजूंनी मी ट्रॅक्टरमागं वखर फिरवतो, तो गवत अन् वणवा रोखाले. पण मोकळ्या मातीत पावलंही उमटतात, हे तू भुलली. काल तारेच्या आत तुया पावलांच्या खुणा होत्या अन् बाहेर काठीच्या. मी मनाई केली तरी तुया बापाले डबा देऊन राह्यली.

आज तारेले टांगलेला डबा मी कुत्र्यापुढं रिकामा केला. म्हातारा दुपारपर्यंत तिथंच उभा होता. "पोरगी बरी आहे ना?" म्हणे. मी सांगितलं, ती तुमचं नावबी घेत नाई. काठी टेकत वापस गेला.

त्याच्या जातानाच्या खुणा तेवढ्या ठेवल्या आहेत. पाहून घे. सांजच्याले आलो का तिथंही वखर फिरवतो.

श्रावण