मीठ मागायची भाषा

नकादा,
तूत महिना, नवं वर्ष नुकतंच लागलेलं

चिरंजीव बसादा यास थोरली बहीण रिफ्का हिचे उदंड आशीर्वाद. (साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव म्हणणं बरं दिसत नाही म्हणे, पण तुझं नाक मी पुसलंय, तेव्हा मुकाट ऐकून घ्यायचं.) तू, इरीन आणि तुमच्या मेलबर्नची हवा, सगळं ठीक आहे असं धरून चालते, कारण फोनवर ‘ठीक’ सोडून दुसरा शब्द तुझ्या तोंडून निघत नाही. माझं म्हणशील तर गुडघे वगळता बाकी सगळी रिफ्का उत्तम आहे. नव्या वर्षाच्या सणाला, नवरोजला, लाल खजूर आणि पेरू आणले होते. तुझ्या वाटचेही मीच खाल्ले.

पत्र लिहायचं कारण शेजारची नफीसा. तिचा महरूस तिला कायमची गरदाक्याला, समुद्राकाठच्या आपल्या घरी न्यायचं म्हणतोय. तू म्हणशील, मुलगा आईला नेतो यात तुझ्या पोटात का दुखावं? अरे, दुखणार नाही तर काय! बाबांच्या ताटाशी बसून आपली वाडवडिलांची कॉप्टिक भाषा बोलायला शिकलेली तीन माणसं उरलीत. त्यातला एक मेलबर्नला पळाला. राहिलो मी आणि ती. बाबाच म्हणायचे ना, प्रार्थना एकट्याला करता येते, पण बोलायला समोर कुणीतरी लागतं.

आठवतं का रे तुला ते जेवण? बाबा मागावरून उठायचे, हात धुवायचे, आणि मांडी घालून बसले की घरातली अरबी बंद! भाकरी हवी तर कॉप्टिकमध्ये मागा, मासा हवा तर कॉप्टिकमध्ये मागा. अरबीत लागलेली भूक मला ऐकू येत नाही, म्हणायचे. फॅरोसुद्धा राणीकडे मीठ मागताना थोडाफार हाच शब्द वापरायचा, असं सांगून ते मिशीवर हात फिरवायचे, आणि तू विचारायचास, मग ती द्यायची का? (आईला यातलं काही आलं नाही. ती न बोलता वाढायची. बाबा म्हणायचे, हात मुका आहे, त्याला नियम नाही. नाहीतर तू उपाशीच मेला असतास.) शाळेत गुरुजी म्हणाले, ही भाषा कधीच मेली, आता फक्त चर्चमध्ये उरलीय, तेव्हा तू उभा राहून म्हणालास, मेली असती तर बरं झालं असतं गुरुजी, घरी पोटभर जेवायला मिळालं असतं. त्या छड्यांचे वळ मीच शेकले होते.

नफीसा तर रोजचीच. तिची आई शेतावर, म्हणून ही दुपारी आपल्याकडे. आई म्हणाली, मुसलमानाची पोर आहे, तिला तरी सूट द्या. बाबा म्हणाले, वा! तिचे खापरपणजोबा काय बोलत होते? भाषा तिचीही तेवढीच आहे, मागू दे. आणि सटवीने आठवड्यात तुझ्यापेक्षा जास्त शब्द उचलले! अजूनही आम्ही दोघी गच्चीवरून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी त्याच भाषेत काढतो. सुना समजतात, म्हाताऱ्या देवाचं नाव घेताहेत.

तर, मी एक युक्ती काढली. आपले नवे धर्मगुरू अबूना बेमन (पोरगेलासा आहे, दाढी मात्र मोठी) यांना जाऊन सांगितलं की नवरोजच्या जेवणाला नफीसा आणि मी सगळ्यांसमोर कॉप्टिक बोलून दाखवू. ते हरखलेच. महरूसलाही आग्रहाने बोलावलं. म्हटलं, आईचा गावात केवढा मान आहे ते बघेल, आणि न्यायचं नाव काढणार नाही.

चर्चच्या मागच्या दालनात पंगत बसली. उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या, तळलेले बुल्टी मासे, कांद्याची पात. वास असा की माझे गुडघे दुखायचे थांबले. मी नफीसाला म्हटलं, तेब्त, म्हणजे मासा दे. ती म्हणाली, देते, पण डोकं नाही मिळणार, त्या ईदला माझ्या वाटचं डोकं तूच खाल्लं होतंस. मी म्हटलं, खोटारडे! झालं. साठ वर्षांपूर्वीचं ते माशाचं डोकं पुन्हा ताटात येऊन पडलं. भांडता भांडता मी सहज मान वर केली, तर काय बघते? अख्खी पंगत उभी! बायकांनी पदर डोक्यावर ओढलेले, पुरुषांनी माना खाली घातलेल्या. कॉप्टिक कानावर पडलं की प्रार्थना, आणि प्रार्थनेत कोण बसतं का, खातं का? अबूना तर हातात क्रूस धरून डोळे मिटून उभे. त्यांना ‘भाकरी’ आणि ‘मासा’ तेवढं कळलं, आणि प्रभूने पाच भाकऱ्या नि दोन माशांत गर्दी जेवू घातली तो प्रसंग चाललाय असं त्यांनी धरलं. मी नफीसाला ‘लबाड’ म्हटलं तर मागून ‘आमेन’ आलं! मासे थंड, लोक उपाशी, आणि आम्हाला हसू आवरेना, म्हणून तोंड झाकलं, तर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बघा, गहिवरल्या.

आणि खरं सांगू? मग गहिवरलेच मी. नफीसाने मासा मोडला, डोकं माझ्या ताटात ठेवलं, आणि बाबांच्या आवाजात, बाबांच्याच शब्दांत म्हणाली, नीट मागितलंस, आता घे. बसादा, मला आपलं घर दिसलं रे. बाबांचे निळ्या रंगाने डागाळलेले हात दिसले. मी एवढ्या लोकांत रडले.

माझी युक्ती? अगदी अंगाशी आली. महरूसही मान खाली घालून उभा होता. जेवण झाल्यावर डोळे पुसत आईचे हात धरून म्हणाला, आई, तुझ्याकडे एवढी विद्या आहे आणि मला पत्ताच नाही! आता तर तुला नेणारच, माझ्या पोरांना शिकव. नफीसाने माझ्याकडे पाहिलं. नातवंडांना कोण नाही म्हणतं? पुढचा महिना लागला की ती निघेल. समुद्राकाठी महरूसची पोरं जेवताना उपाशी बसतील, मग शिकतील. बाबांना किती आनंद झाला असता! मला मात्र झालेला नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

पण माझी काळजी करू नकोस. मी खंबीर आहे. मला कुणाची गरज नाही.

तुझी थोरली (आणि अजून खणखणीत आवाजाची) बहीण,
रिफ्का

ता. क. गुडघ्याचं मलम पाठवू नकोस. मागचंच पडून आहे.

आणखी ता. क. माशाचं ते डोकं मी खाल्लं नव्हतं, नफीसानेही नाही. त्या दिवशी तू काहीच मागितलं नव्हतंस आणि तरी ढेकर देत उठला होतास. बघ काही आठवतंय का.

शेवटचं. दर रविवारी माझ्या जेवणाच्या वेळी फोन कर. तुझ्याकडे तेव्हा रात्र असेल, असू दे. तब्येत विचारू नकोस, हवा विचारू नकोस. अरबीत एक शब्द बोललास तर फोन ठेवून देईन. तुला सगळं विसरायला झालंय हे मला माहीत आहे. फक्त ‘हमू’ म्हण, म्हणजे मीठ. मी ताटाशी बसलेली असेन. तू माग, मी देते.