विनीच्या जागी

३ ऑक्टोबर १९५८

हॉलिवूडच्या टेकडीवरील या बंगल्यात आज सकाळी दाखल झाले. खिडकीबाहेर लिंबाचे झाड फळांनी वाकले आहे, आणि ओहायोत हाडांत मुरलेली थंडी पहिल्याच कॉफीसरशी निघून गेली. उभी हयात मुलींना तर्कशास्त्र शिकवल्यावर एका नटीची सोबतीण होऊन तिला संवाद वाचून दाखवणे मला हास्यास्पद वाटायला हवे होते. वाटले नाही. मन चक्क प्रसन्न आहे.

येण्याचे कारण स्पष्ट नोंदवते. माझी धाकटी बहीण विनी ही याच नटीच्या, इसोबेल क्रेन यांच्या, जागी उभी राहण्याचे काम करी. दिवे लावून होईपर्यंत खडूच्या खुणेवर विनी तापत राहायची. उजेड नेमका जमला की ती बाजूला व्हायची आणि इसोबेलबाई ताज्या पावडरीनिशी तिथे येऊन उभ्या राहायच्या. विनी या वसंतात गेली. तिच्या प्रत्येक फोटोत तिचा चेहरा पुसट आहे, आणि मला तो आठवत नाही. सख्ख्या बहिणीचा चेहरा. इथे एखादा तरी स्पष्ट फोटो मिळेल, एवढीच अपेक्षा.

इसोबेलबाईंनी आधी माझी उंची पाहिली, मग गालांची हाडे. शिंपी कापड पाहतो तशी. म्हणाल्या, विनीपेक्षा शहाण्या दिसता, पण चालेल.

७ ऑक्टोबर

फोटो मिळाला नाही. जे आहेत ते सारे इसोबेलबाईंचे.

न्याहारीच्या टेबलाशी त्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा असतो. वार्धक्य हे त्याचे कारण नव्हे. सुरकुत्या लक्षात राहतात, हा चेहरा राहत नाही. स्वयंपाकीण सोलेदाद म्हणते, मास्तरीणबाई, तिचं रूप सकाळी कशाला शोधता, तेव्हा ते झोपलेलं असतं.

दुपारी पडदे ओढून एक जुना चित्रपट पाहिला. इसोबेलबाई चौकटीत आल्या आणि इतर नटनट्या नुसत्या सामानासारख्या उरल्या. त्यांनी काहीच केले नव्हते, केवळ मान वळवली होती. मी रुमाल काढून डोळे टिपले. रूपाने माणूस स्तिमित होतो, रडत नाही. सबब ते रूप नव्हते. मग काय होते?

१२ ऑक्टोबर

एका निर्मात्याने इसोबेलबाईंना पुन्हा कॅमेऱ्यासमोर पाहण्याचे कबूल केले आहे. सरावासाठी त्यांचा जुना कॅमेरामन लिंडक्विस्ट याने दिवाणखान्यात दिवे मांडले आणि मला खुणेवर उभे केले. म्हणाला, बाई, हाताची घडी सोडा, कॅमेऱ्याला कुणी नापास करत नाही.

उजेड जमला. मी बाजूला झाले, इसोबेलबाई आल्या, हसल्या. हसताना त्यांनी खालचा ओठ डावीकडे किंचित आत घेतला.

तो विनीचा ओठ होता. पाहताक्षणी आठवला.

१३ ऑक्टोबर

लिंडक्विस्टला विनीबद्दल विचारले. तो भिंग पुसत होता. म्हणाला, विनी उभी राहिली की उजेड आपणहून लागायचा, आणि मग तो उजेड इसोबेलबाई उचलून न्यायच्या. शेवटी शेवटी विनी त्याला कॅमेऱ्यातून धड दिसेना. आपलेच डोळे गेले असे समजून त्याने चष्मा बदलला होता.

१६ ऑक्टोबर

खुणेवर उभी असताना लिंडक्विस्टने माझा फोटो घेतला होता. कॉलरचे टाके मोजता येतात. कॉलरच्या वर धूर आहे.

सोलेदादने मला स्वयंपाकघराच्या दारात पाहून कोण हवंय असे विचारले. मग ओशाळून म्हणाली, आज तोंड कुठे विसरलात, मास्तरीणबाई? ती हसली. मीही हसले असावे.

युक्तिवाद सरळ आहे. विनीचे जे झाले ते खुणेवर झाले. मी खुणेवर उभी राहते. म्हणून मी आजच निघावे. यात दोष काढता येत नाही.

पण आज इसोबेलबाईंच्या चेहऱ्यावर विनीचे कपाळही आले. लहानपणी पडून झालेल्या व्रणासकट. निघाले तर हे पुन्हा कुठे पाहू?

१९ ऑक्टोबर

इसोबेलबाईंना सारे ठाऊक आहे. माझा हात थोपटून म्हणाल्या, तुमची बहीण कधी तक्रार करायची नाही हो. नंतर अगदी हळू विचारले, की दिवे नसतात तेव्हा मी कशी दिसते? मला कुणी सांगतच नाही.

मी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि नजर काढून घेतली. त्यांनी मान खाली घातली. त्या क्षणी त्यांच्यावर रागावणे मला जमले नाही.

२१ ऑक्टोबर

सोलेदाद रडली. चला माझ्या बहिणीकडे, म्हणाली. मी नको म्हटले — तिला बहीण आहे, तिला कळायला हवे होते.

आज गाल. हनुवटी. डोळे तेवढे राहिले आहेत.

२३ ऑक्टोबर

निर्माता आला आहे. लिंडक्विस्टने दिवे लावायला नकार दिला — मीच लावले. उभी राहिले. चेहऱ्यावर ऊन लागावे तसे, आणि मग काहीच न लागावे तसे —

आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लिहिते आहे. गालावर हात फिरवला — नुसते गुळगुळीत —

इसोबेलबाईंच्या चेहऱ्यावर विनीचे डोळेही उमटले. विनी आहे. सबंध विनी. इसोबेलबाईंचा आवाज निर्मात्याला चहाचे विचारतो आहे, पण ओठ निराळेच हलतात. जा, म्हणतात. निघून जा —

मी उठले नाही.

मी गेले नाही हे विनीला कळले असावे. चेहरा कसनुसा झाला. ती खोलीभर पाहते आहे — दार, खिडकी, सोलेदाद — एकेका चेहऱ्यावर थांबते, पुढे सरकते. मी समोरच आहे. मी हात वर केला. तिची नजर माझ्यावरून गेली आणि —

शोधते आहे. अजून शोधते आहे. विनी, इकडे — इथे, मी —