‘वाढव’ म्हणजे मालव

मल्लेश्वरम, बंगळूर
२७ जानेवारी १९६१

ती. अण्णास,

विद्याचा वाकून नमस्कार. वहिनीलाही सांग, आणि धाकट्याच्या गालाचा एक पापा माझ्या नावाने घे.

तुझं पत्र पोचलं. तिळगूळही पोचला, निम्मा चुरा होऊन, पण गोड लागला. इथे त्याला एळ्ळु-बेल्ल म्हणतात आणि खोबऱ्याचे एवढे तुकडे घालतात की तीळ शोधावे लागतात. पावट्याच्या शेंगा सोलून सोलून माझी नखं हिरवी झाली आहेत. बाकी सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिते.

आता तुझ्या रागावण्याबद्दल. ह्यांनी तुला कळवलं की तुझ्या बहिणीच्या डोक्यात आगीचं खूळ शिरलंय, आणि तू लगेच दोन पानं भरून मला संसार शिकवलास. ह्यांनी लिहिलंय ते खरं आहे. मी स्टोव्ह जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवला, म्हणजे पदर ज्योतीवर लोंबत नाही. रॉकेलचा डबा मोरीपलीकडे हलवला. दाराशी बादलीत गोणपाट भिजत असतं, कारण तेलाच्या आगीवर पाणी ओतलं की ती पसरते. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, हेही मी पाठ करून ठेवलंय. वहिनीला सांग, ती पेटत्या कंदिलात तेल ओतते, मी स्वतः पाहिलंय. एवढ्यासाठी कोणी बायकोची तक्रार मेहुण्याकडे करतं का, ते तूच सांग.

संक्रांतीला सासूबाईंनी मला नायलॉनची साडी घेतली. मोरपंखी, फार सुंदर. “स्वयंपाकघरात पण हीच नेस, झटकन वाळते,” म्हणाल्या. मी ती ट्रंकेत ठेवली आणि सुती लुगडं नेसून पोळ्या लाटल्या. त्यावरून अबोला झाला, तो अजून आहे.

ह्यांच्या पहिल्या बायकोचं, वीणाचं, काय झालं ते लग्नाआधी तूच मला सांगितलंस. मुलगी धारवाडकडची, घरात कानडी. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “स्टोव्ह वाढव.” आपण फुटली, विझला असं अशुभ बोलत नाही, बांगडी वाढली, दिवा वाढव म्हणतो. तिला ते कळलं नाही. तिला वाटलं मोठा कर. ती हवा मारत सुटली आणि टाकी फुटली. एका शब्दाने घात केला, असं म्हणून आपण हळहळलो होतो. दुसरेपणाची म्हणून तिच्या नावाचा टाक मी मंगळसूत्राशेजारी घालते. तो गळ्याला गार लागतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या सोयराबाईंशी कुंपणावरून बोलत होते. त्यांचं घराणं इथे कितीतरी पिढ्यांचं, मराठीत निम्मं कानडी. बोलता बोलता मी म्हणाले, बिचारीला मराठी येत नव्हतं ना. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“अय्यो, वीणाला मराठी येत नव्हतं? कोण सांगितलं? माझ्या पोरीला तीच शिकवली की. पोरगी बांगडी फुटली म्हटली तर थांबवायची. फुटली म्हणू नको, वाढली म्हण, म्हणायची. स्वल्प पण चुकू द्यायची नाही.”

मी म्हटलं, मग त्या दिवशी काय झालं? सोयराबाई म्हणाल्या, “तो दिवस तुझा नवरा, गुरुराज, गावात नव्हता. दार आतून उघडेना म्हणून ती ओरडत होती. आम्ही पळत आलो तोपर्यंत दार उघडंच होतं.” आणि मग इकडेतिकडे बघून आत निघून गेल्या.

तेव्हापासून मी स्वयंपाकघराचं दार बघते. त्याला बाहेरून नवी कडी आहे. मांजर शिरतं म्हणून लावली, असं सासूबाई म्हणतात. या आळीत मी मांजर पाहिलेलं नाही.

अण्णा, मी भित्री नाही, तुला माहीत आहे. तरीही मनाला समजावत होते की म्हाताऱ्या बाईवर भलता संशय घेऊ नये. मग परवा रथसप्तमीचं हळदीकुंकू झालं. घर बायकांनी भरलेलं. मी गुलाबपाणी शिंपडत होते आणि सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा हसत म्हणाल्या, “आमच्या विद्याला सांभाळून घ्या हं. हिचं माहेर निपाणी, ते आता म्हैसूर राज्यात गेलं ना, हिला मराठी स्वल्पच कळतं. मी दिवा वाढव म्हटलं की ही वात मोठी करते.”

सगळ्या हसल्या. मी असं कधीही केलेलं नाही. करायची वेळच आली नाही, कारण दोन वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलाच नव्हता. त्या नेहमी “बंद कर” म्हणतात.

मला मूल नाही, वीणालाही नव्हतं. काल तांदूळ निवडताना सासूबाई ह्यांना सांगत होत्या, “माझ्या सासऱ्यांनी दोघी केल्या होत्या. आता सरकारने तेही बंद केलं. एक असताना दुसरी आणली तर तुझी नोकरी जाईल.” हे मान खाली घालून कॉफी पीत होते. एक असताना, असं त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात फॅक्टरीच्या कामासाठी हे कलकत्त्याला जाणार आहेत.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज मी रोज उलथन्याने थोडा थोडा हलवते आहे. तो सुटत आला आहे. पण मी जाडी झाले आहे, तू लग्नातच चिडवलं होतंस, तेव्हा त्याच्यावर फार भरवसा ठेवू नकोस.

पत्र मिळताच तार कर, “वहिनी आजारी, विद्याला पाठवा.” आणि तारेच्या मागोमाग स्वतः ये. उत्तर लिहीत बसू नकोस, घरातली पत्रं आधी सासूबाईंच्या हातात पडतात. हे पत्र सोयराबाई पेटीत टाकणार आहेत. टाकाल का म्हटलं, तर काही न विचारता त्या एवढंच म्हणाल्या, “सरी,” म्हणजे बरं.

आणि तुला यायला उशीर झाला, आणि कोणी सांगायला आलं की मुलगी कानडी मुलखातली, तिला शब्द कळला नाही, तर या वेळी हळहळू नकोस. आई मला बोलायला शिकवत होती तेव्हा तू शेजारीच बसला होतास. मला काय कळतं आणि काय नाही, हे सांगणारा तू एकटाच उरला आहेस.

तुझी, मराठी नीट कळणारी,
विद्या