बायकांच्या बाजूचा कॅमेरा

३ सप्टेंबर, मंगळवार

बाजारातून हात हलवत परत. तीन दुकानं पाहिली, तिन्हीकडे लबाडी!

पहिल्याने फोटोचा कॅमेरा पुढे केला. व्हिडिओही निघतो म्हणे. "हाच घ्या ओपा, सिनेमावाले हाच वापरतात." चित्र खरंच देखणं — मागचं सगळं धुकं आणि चेहरा लख्ख. मी विचारलं, एका दमात किती वेळ चालतो? त्याने आधी नाक खाजवलं, मग फोनमध्ये पाहिलं, मग म्हणाला अर्धा तास. नंतर तापतो आणि बंद पडतो! अर्ध्या तासात आमच्या बायकांची एकमेकींच्या सुनांची चौकशीसुद्धा होत नाही. शिवाय भिंगाचे पैसे निराळे, माइकचे निराळे.

दुसऱ्याकडे भिंगात आत जाळ्यासारखं काहीतरी होतं. "पुसलं की जातं." मग पुसा म्हटलं. पुसलं. गेलं नाही. "उजेडात दिसत नाही हो." अहो, उजेडातच उभी आहे मी!

तिसरा म्हणाला कोरा माल आहे. कोऱ्या मालाच्या पट्ट्याला कुणाच्या घामाचा वास येतो?

उशीर करून चालणार नाही. ओतिन-ओयींच्या नातवाचं लग्न महिनाअखेरीला. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडेच कुराण वाचायला शिकल्या, मीही. निकाहच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीचा चेहरा उघडायचा कार्यक्रम — सगळ्या बायकाच, डोक्यावरून रुमाल उतरलेले, गाणी, डफ. तिथे पुरुषाला पाऊल टाकता येत नाही आणि नमनगान शहरातले सगळे लग्नाचे कॅमेरेवाले पुरुष! मी मामेबहिणीच्या लग्नात फोनवर काढलेलं कुणीतरी ओतिन-ओयींना दाखवलं. त्यांनी बोलावलं. "फोन नको, नीट यंत्र आण."

हे काम चांगलं झालं तर घराघरांतून बोलावणी येतील. आणि इथेच लिहिते, कुणाला बोलले नाही — मला नुसती लग्नं काढायची नाहीत. मला सिनेमा करायचा आहे. दहावी पास बाईने! अल्लाह माफ करो, पण करायचा आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

यांचा फोन आला. रशियात सध्या कुठल्याशा शाळेच्या भिंतींना गिलावा चाललाय. कॅमेऱ्याचं सांगितलं. "घे की. फक्त फसू नकोस." बास! ना किंमत विचारली, ना कशाला म्हणाले. इतक्या पटकन हो? कुणीतरी आधीच कान भरलेत. सासूबाईच. पण कान भरले असते तर नको म्हणाले असते... तरी पाणी कुठेतरी मुरतंय.

सासूबाई दुपारी नान थापता थापता — "आमच्या काळी केलीन, घरातली सून, चुलीचा धूर काढायची. आताची चित्रं काढते."

मी म्हटलं, "ओयीजान, धूरही काढते आणि चित्रंही."

"जीभ बघा! तिचंही चित्र काढ."

८ सप्टेंबर, रविवार

शेजारची शाहलो इल्हाम-अकांकडे घेऊन गेली. वीस वर्षं लग्नं काढतात. त्यांचा जुना हातात धरायचा व्हिडिओ कॅमेरा विकायचाय. किंमत तीस लाख सोम. तिसऱ्या दुकानदाराने याहून फुटक्याला पन्नास सांगितले होते! पाल चुकचुकली. स्वस्त का?

"मला नवा आलाय. हा कपाटात पडून काय अंडी देणार?" म्हणाले.

उत्तर फारच सरळ. म्हणून मी तिथेच ठिय्या दिला. म्हटलं, चालू करा आणि चालूच ठेवा. बॅटरी संपेपर्यंत बसले. त्यांच्या बायकोने चहा दिला, मग पुन्हा चहा, मग खरबूज कापलं. शेवटी शाहलोच्या कानात — पण मला ऐकू येईल असं — "ही कॅमेरा घेतेय का मुलासाठी मुलगी बघतेय?"

कॅमेरा तापला नाही. लांबचं जवळ आणताना थोडा कुरकुरतो. अंधाऱ्या कोपऱ्यात चित्रात मुंग्या दिसतात — त्या कबूल केल्या त्यांनी. मागचं धुकं मात्र येत नाही याच्यात. सगळं सारखंच स्पष्ट: चेहरा, भिंत, भिंतीवरचा खिळा. मला त्या पहिल्या कॅमेऱ्यातल्या धुक्याची फार हळहळ वाटली. पण धुकं घेऊन करू काय, विधी अर्ध्यावर बंद पडला तर?

निघताना इल्हाम-अका म्हणाले, "कार्ड माझ्याकडे आण. कापून-जोडून, गाणं घालून देतो. पैसे नको, बहिणी."

तर हे होतं पोटात! म्हणून स्वस्त! मोहल्ल्यातल्या बायका उघड्या डोक्याने नाचणार आणि यांच्या संगणकावर जाणार!

"बघते," म्हणाले. शाहलो परतताना म्हणाली, "अगं, चांगला माणूस आहे." चांगली माणसंच गोड बोलतात.

९ सप्टेंबर, सोमवार

घेतला. बिस्मिल्ला म्हणून घेतला. रात्रभर ओतिन-ओयींचाच विचार होता — चित्र मुंग्यांचं चालेल, मध्येच बंद पडलेलं चालणार नाही. किमतीतही थोडं कमी करवलं आणि दोन बॅटऱ्या पदरात पाडून घेतल्या. जोडून देण्याचं मात्र नको म्हटलं. इल्हाम-अका खांदे उडवून म्हणाले, "तुझी मर्जी." रागावलेसुद्धा नाहीत! रागावले असते तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर, बुधवार

कॅमेऱ्याला तिकाटणं घेतलं, सगळ्यात स्वस्त. पाय लावला की थरथरतं. मध्ये हूक आहे, त्याला तांदळाची पिशवी टांगली — आता हलत नाही. दिवा घेतला नाही. खिडकीच्या समोर जेवायला पसरायचा पांढरा दस्तरखान धरला की चेहऱ्यावर उजेड पडतो. दुकानदार शपथा घेऊन सांगत होता, दिव्याशिवाय काम होतच नाही. मग सकाळी सूर्य काय करतो?

माइक मात्र घेतला, कॉलरला लावायचा. त्यावर कंजूषपणा नाही. चित्र अंधूक असलं तरी माणूस बघतो, ऐकू नाही आलं तर उठून जातो — हे मी स्वतःवरूनच ठरवलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

ओतिन-ओयींनी बोलावून अटी सांगितल्या. हात माझ्या हातावर ठेवून.

"पुरुषाची नजर पडता कामा नये."

"नाही पडणार, ओयी."

"जोडायला कुणाला देणार?"

"कुणालाच नाही. क्रमानेच काढीन. जे नको ते काढणारच नाही."

"आणि ते कार्ड उंबरा ओलांडायच्या आत माझ्या हातात. दुसरी नक्कल नाही. बायकांची अमानत आहे ती, महफुझा. पोरी, अमानतीचा हिशोब तिकडे द्यावा लागतो."

मी हो म्हटलं. तरी मनात आलंच — मग मला कधी बघायला मिळणार?

१९ सप्टेंबर, गुरुवार

सासूबाईंवर सराव केला. "माझं काय काढतेस, मी काय नवरी?" म्हणत आत गेल्या. बाहेर आल्या त्या ईदचा रुमाल बांधून! वर म्हणतात, "जुना मळला होता."

बसल्या, कणीक मळत. मी तिकाटणं लावून चालू केलं. जरा वेळाने हळूच — "आता घेतंय का?" हो म्हटलं. "सांगायचं नाही का! मी तोंड वाकडं केलं होतं."

गेले कित्येक दिवस समजत होते की या माझ्यावर पाळत ठेवतात. ठेवतातच. पण आज कॅमेऱ्यातून पाहिलं तर त्या मला नव्हे, कॅमेऱ्यालाच बघत होत्या.

शिकले ते: आधी बघायचं, मग चालू करायचं. सुरुवात सापडेपर्यंत हात मागे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

शाहलो विचारत होती, कार्यक्रमात कुठे बसणार, काय काय काढणार. एवढं कशाला हवंय हिला? म्हटलं, ठरलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

झालं! घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

पहाटेची नमाज झाली आणि गेले. बायका येऊ लागल्या. माझ्याकडे बघून दोघींनी पुन्हा रुमाल बांधले. एक म्हणाली, "हे कुठे कुठे जाणार?" ओतिन-ओयी आतूनच म्हणाल्या, "माझ्या मुठीत." तेव्हा रुमाल उतरले. मग डफ, मग हसणं, मग कुणी कुणाच्या सासऱ्याची नक्कल केली — मी पोट धरून हसत होते आणि तिकाटणं तांदळामुळे स्थिर! अल्लाहच पावला.

इल्हाम-अका असते तर सगळीकडे फिरले असते. मी फिरले नाही. नवरीसमोर खिडकी, नवरीच्या पाठीमागे दार. मी खिडकीपाशीच राहिले.

नवरी मुखलिसा आली, तोंडावर पडदा. वाकून सलाम, पुन्हा सलाम. धाकट्या नणंदेने डाळिंबाच्या डहाळीने पडदा उचलला. सगळ्या "माशाल्ला" म्हणत भेटी घेऊन पुढे सरकल्या. आणि मुखलिसाने मान वळवून भेटींकडे नाही, सासूकडे नाही, मागे दाराकडे पाहिलं. तिथे तिची आई उभी होती, दोन्ही हातांत नान घेऊन. आईने नान वर उचलला आणि त्याच्या आड तोंड लपवलं. गोल नान, त्याखाली हनुवटी थरथरतेय. मी जवळ आणलं. कुरकुरलं यंत्र — पण आलं! मागचं सगळं स्पष्ट, धुकं नाही. म्हणूनच तर दिसलं: आईच्या खांद्यामागे रिकामा झोपाळा टांगलेलं अंगणातलं झाड, त्याच्याखाली बुटांचा ढीग, त्यात तिचे एकटीचे बाजूला काढलेले बूट. निघायच्या तयारीत. त्या धुक्याच्या कॅमेऱ्यात हे सगळं धुकंच झालं असतं.

असं काही आजवर माझ्या हातून झालं नव्हतं. कशातच नाही.

उंबऱ्यात ओतिन-ओयी. हात पुढे. "दे." दिलं.

त्यांनी तिथल्या तिथे काय करावं! कापडाचा त्रिकोण घेतला, त्यात कार्ड, वर नजर उतरवायच्या इसिरिकच्या चिमूटभर बिया, आणि सुईने शिवून टाकलं. तावीज! नवरीच्या खोलीच्या दाराला टांगलं. "आता कुणाचीच नजर नाही — चांगली नाही, वाईट नाही." सगळ्या आमीन म्हणाल्या. मीही तोंडावरून हात फिरवला.

३० सप्टेंबर, सोमवार

शिवून टाकलं. कुणीही बघणार नाही. कधीच.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सासूबाई म्हणाल्या, "चेहरा का उतरलाय? काम तर छान झालं, सगळ्या म्हणतायत." सगळ्या कशाला म्हणताहेत! पाहिलं कुणी?

कणकेचा सराव पुन्हा पाहिला, घरच्या कार्डावरचा. काही नाही त्यात. रुमाल तेवढा छान आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

इल्हाम-अकांचा फोन. मी उचलायच्या आधीच ठरवलं होतं — आता मागेल हा काहीतरी.

"बहिणी, एक राहिलंच. बॅटरीच्या मागे आणखी एक झाकण आहे, त्यात माझं एक कार्ड विसरलोय. रिकामंच आहे. परत देऊ नको, वापर तूच. आणि हो, सवयीने मी दोन्ही कार्डांवर एकदम चित्र भरायचं लावून ठेवलेलं. नको असेल तर बंद कर, उगाच जागा खातं."

आभारच मानले. "रहमत, अका," म्हणाले. हा माणूस खरंच नुसता कपाट रिकामं करत होता!

फोन ठेवला. बॅटरी काढली. झाकण होतं.

रिकामं नाही.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. छोट्याशा पडद्यावर पाहिलं. डफ. हसणं. डहाळी. मग तो नान.

पुसून टाकायला दोन बटणं लागतात. पहिलं दाबलं की विचारतं — खात्री आहे? दुसरं न दाबताच मागे आले. पुन्हा नान पाहिला. आईचा हात वर जातो त्याच्या किंचित आधी ती हसायला जाते आणि जमत नाही — हे त्या दिवशी मला दिसलंच नव्हतं.

उद्या सकाळी ओतिन-ओयींकडे नेऊन देते. उद्याच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पाहुणे आले. जमलं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ओतिन-ओयी स्वतः आल्या. जुम्याचा दिवस, हातात नान आणि खडीसाखर. त्यांच्या बहिणीच्या घरी लग्न आहे, तिला सांगून ठेवलंय — महफुझालाच बोलवा, डोळे झाकून विश्वास ठेवा.

जाता जाता म्हणाल्या, "तुझ्याकडे काही राहिलं नाही ना, पोरी?"

नाही म्हणाले.

त्यांनी डोक्यावर हात ठेवून दुआ दिली.